पॉपायचा पालक : नायकाच्या घासाची चिकित्सा

अकरा वर्षांपूर्वी एका नियतकालिकात मी विज्ञानातील गमतीदार चुकांवर एक टिपण लिहिले होते. त्यात पालकाची गोष्ट होती. एकोणिसाव्या शतकात एका जर्मन शास्त्रज्ञाने पालकातील लोहाचे प्रमाण नोंदवताना दशांशचिन्ह एक घर चुकवले, लोह कागदावर दहापट झाले, पुढे त्या आकड्यावर विसंबून अमेरिकेतल्या एका चित्रकाराने पॉपाय नावाच्या खलाशाला पालक खायला लावले आणि जगभरच्या मुलांच्या ताटात एक नावडती भाजी येऊन पडली, अशी ती गोष्ट. टिपण वाचकांना आवडले. वाचनालयांतल्या व्याख्यानांत, शाळांच्या स्नेहसंमेलनांत मी ती गोष्ट निदान दहा-बारा वेळा सांगितली असेन. हशा हमखास मिळे.

गेल्या वर्षी एका निवृत्त शिक्षिकेचे पत्र आले. त्या टिपणाचे कात्रण त्यांनी जपून ठेवले होते. नातवाला पालक आवडत नाही, त्याला पॉपाय दाखवावा असे सुनेचे म्हणणे आणि तो सगळा दशांशचिन्हाचा घोळ आहे असे त्यांचे म्हणणे, यावरून घरात वाद झाला होता. ‘तुम्ही अभ्यासू माणूस आहात. त्या जर्मन शास्त्रज्ञाचा मूळ आकडा कोणत्या ग्रंथात आहे, एवढे कळवावे,’ असे त्यांनी लिहिले होते.

माझ्याजवळ ग्रंथ नव्हता. मी ती गोष्ट एका इंग्रजी पुस्तकात वाचली होती, त्या लेखकाने आणखी कोठेतरी. माझे रीतसर संशोधनाचे शिक्षण झालेले नाही. रद्दीच्या दुकानातून घेतलेली जुनी कॉमिक्स आणि वाचनालयाचे कार्ड एवढ्या भांडवलावर मी लिहू लागलो. पण ‘कुठून घेतले?’ हा प्रश्न विचारायला पदवी लागत नाही आणि तो मी स्वतःला विचारला नव्हता. त्या पत्राचे उत्तर म्हणून सुरू झालेला शोध पुढे दुसऱ्याच प्रश्नापाशी येऊन थांबला. गोष्टीतला नायक मुलाला भाजी, फळ, धान्य असे साधे, फार प्रक्रिया न केलेले अन्न खायला लावू शकतो का? आणि लावत असेल तर ते काम नेमके कोण करते?

१

सुरुवात मूळ चित्रकथेपासून केली पाहिजे, कारण पॉपायविषयी बोलणारे बहुतेक जण ती वाचत नाहीत. एल्झी क्रिस्लर सेगर या चित्रकाराने १९१९ च्या डिसेंबरात ‘थिंबल थिएटर’ ही वृत्तपत्रीय चित्रमालिका सुरू केली. तिच्यातल्या पात्रांची नावेच स्वयंपाकघरातून आणि औषधाच्या फडताळातून घेतलेली : नायिका ऑलिव्ह ऑइल, तिचा भाऊ कॅस्टर ऑइल, म्हणजे आपले एरंडेल, आणि तिचा प्रियकर हॅम ग्रेव्ही. पॉपाय या मालिकेत आला तो तब्बल नऊ वर्षांनी, १७ जानेवारी १९२९ रोजी. तो नायक नव्हता. एका सफरीसाठी कामावर ठेवलेला खलाशी, एवढेच त्याचे स्थान होते.

पहिल्या सफरीत पॉपायला बंदुकीच्या गोळ्या लागतात आणि तरीही तो जगतो. पालकाचा तेथे पत्ताही नाही. जवळ असलेल्या एका चमत्कारी कोंबडीच्या डोक्यावरून तो हात फिरवत राहतो, म्हणून तो वाचतो. नायकाचे बळ आधी आले आणि त्याचे कारण नंतर शोधले गेले. पालकाचा प्रवेश १९३० नंतरचा, तोही अधूनमधून, विनोदाच्या ओघात.

पालकच का, याचे उत्तर त्या काळाच्या विनोदात आहे. पॉपायच्या जन्माच्या जेमतेम महिनाभर आधी, डिसेंबर १९२८ मध्ये, ‘द न्यूयॉर्कर’ साप्ताहिकात एक व्यंगचित्र आले होते. आई मुलीला समजावते की ही ब्रोकोली आहे. मुलगी तो पालकच असल्याचे ठामपणे सांगून ताट नाकारते. मुलांनी न खाण्याची भाजी म्हणून पालक आधीच प्रसिद्ध होता. आपल्याकडे कारले किंवा शेपू म्हटले की जो चेहरा होतो, तो तिकडे पालक म्हटले की होत असे. सेगरने राकट, एकाक्ष, व्याकरणाची मोडतोड करणाऱ्या खलाशाच्या हातात मुद्दाम तीच नावडती भाजी दिली. विनोद त्या विसंगतीत होता.

आता लोहाविषयी. ३ जुलै १९३२ च्या रविवारच्या पानात पॉपाय स्वतःच पालक खाण्याचे कारण सांगतो आणि ते कारण अ जीवनसत्त्व हे आहे. लोहाचे तो नावही घेत नाही. पालकात कॅरोटीन भरपूर असते आणि शरीर त्याचे अ जीवनसत्त्व बनवते, म्हणजे सेगरचे म्हणणे ढोबळमानाने बरोबर होते. ज्या चुकीच्या आकड्यावर पॉपाय उभा आहे असे मी सांगत होतो, त्या आकड्याशी पॉपायचा संबंधच नव्हता.

हे दाखवून दिले ते इंग्लंडमधील माइक सटन या गुन्हेशास्त्राच्या अभ्यासकाने, २०१० साली. दशांशचिन्हाची कथा प्रसिद्ध झाली ती प्रामुख्याने टी. जे. हॅम्ब्लिन या डॉक्टरच्या १९८१ मधील लेखामुळे. तो लेख ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’च्या नाताळ अंकात आला होता आणि त्याचा विषय होता विज्ञानातील खोट्या गोष्टी! सटनने उलटा माग काढला, तेव्हा दशांशचिन्ह चुकल्याचा पुरावा त्याला मिळाला नाही. पालकातील लोहाचे जुने आकडे फुगलेले होते, पण त्याची कारणे वेगळी संभवतात. ताज्या पालकात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते. वाळवलेल्या पाल्याचा आकडा ताज्याला लावला की दशांशचिन्ह न हलवताही लोह दहापट होते. पुढे २०१४ मध्ये ओले ब्यॉर्न रेकदाल या नॉर्वेजियन मानववंशशास्त्रज्ञाने या प्रकरणावर एक सुंदर निबंध लिहिला. त्याचा रोख असा, की अफवा खोडून काढणारी गोष्ट लोक अफवेहूनही कमी तपासतात. खोडून काढणारा शहाणा दिसतो आणि ऐकणाऱ्यालाही शहाणे झाल्यासारखे वाटते. मी वाचनालयांत हशा मिळवत होतो तो याच शहाणपणाचा.

२

दशांशचिन्ह बाजूला ठेवल्यावर पॉपायची गोष्ट एक कथा म्हणून वाचता येते. ती तशी वाचली तर एक विचित्र बाब ध्यानात येते.

ज्या पॉपायला जग ओळखते तो सेगरचा नव्हे, फ्लायशर बंधूंच्या स्टुडिओचा आहे. त्यांचा पहिला पॉपायपट जुलै १९३३ मध्ये आला आणि त्यानंतरच्या बहुतेक चित्रपटांचा साचा ठरून गेला. ऑलिव्ह संकटात सापडते, धटिंगण ब्लूटो पॉपायला मार मार मारतो, पॉपाय सहन करतो आणि शेवटच्या मिनिटांत सदऱ्यातून डबा काढून पालक गिळतो. मग दंड फुगतात आणि हिशेब चुकता होतो. मुले वाट पाहतात ती त्या डब्याची.

या खाण्यात जेवणाचे काय आहे? पॉपाय भुकेला नसतो. तो चव घेत नाही, चावत नाही, कोणाबरोबर बसत नाही. डबा पिळून तो हिरवा गोळा घशात टाकतो. ही भाजी कोणी निवडलेली नाही, धुतलेली नाही, फोडणीला टाकलेली नाही. ती कारखान्यातून डब्यात बंद होऊन आलेली आहे. पानाफुलाच्या अन्नाचा जगातला सर्वांत नामांकित प्रचारक डबाबंद माल खातो, हे एरवी फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. पालक तेथे अन्न नाही, अस्त्र आहे. प्रसंग आला की मंत्र म्हणायचा आणि सोडायचे.

मला येथे आपला भीम आठवला. बकासुराच्या कथेत गाडाभर अन्न घेऊन भीम वनात जातो आणि राक्षसाची वाट न पाहता स्वतःच जेवायला बसतो. बकासुर येतो, पाठीत गुद्दे घालतो, तरी भीम वळून पाहत नाही. जेवण संपवून मगच उठतो. पॉपाय लढण्यासाठी खातो. भीमाच्या बाबतीत लढाई जेवणाच्या आड येते. आणि हाच भीम विराटाच्या घरी बल्लव नावाने स्वयंपाकी होतो. म्हणजे आपल्या परंपरेतला सर्वांत मोठा खाणारा नायक रांधणाराही आहे. अन्नाला वेळ लागतो, हात लागतात, चूल लागते, हे त्याच्या कथेत आहे आणि पॉपायच्या कथेत नाही.

भीमाला या गुणासाठी आपण पुढे वापरले का? २००८ पासून पोगो वाहिनीवर ‘छोटा भीम’ लागतो आणि लहान मुलांत त्याच्याइतका लोकप्रिय भारतीय नायक क्वचितच असेल. ढोलकपूरचा हा भीम संकटात सापडला की लाडू खातो आणि त्याच्या अंगात बळ संचारते. लाडवाविषयी माझी तक्रार नाही. डिंकाचा, मेथीचा, नाचणीचा लाडू हे सकसच अन्न आहे. पण कथेची बांधणी पाहिली तर हा भीम महाभारतातला कमी आणि पॉपायचा पुतण्या अधिक वाटतो. डब्याच्या जागी लाडू आला. घास अस्त्रच राहिला.

घास एकदा अस्त्र झाला की ते बदलता येते. पॉपायच्या बाबतीत हे किती लवकर घडले ते पाहण्याजोगे आहे. १९३५ मध्ये अमेरिकेत रेडिओवर पॉपायची मालिका सुरू झाली. तिची प्रायोजक ‘व्हीटेना’ ही गव्हाच्या लापशीची कंपनी होती. त्या मालिकेत पॉपाय पालक खात नाही, व्हीटेना खातो, आणि बळ तेवढेच येते! अखंड गव्हाची लापशी हे अन्न काही वाईट नव्हे. पण दोन वर्षांपूर्वी पडद्यावर पालकावाचून ज्याचे पान हलत नव्हते, त्याला लापशी चालली, याचा अर्थ ऐकणाऱ्या मुलालाही कळला असणार. १९९० च्या सुमारास क्वेकर ओट्सने जाहिरातीत त्याला पालक सोडून ओट्स खायला लावले. त्यावर क्वेकर पंथाच्या लोकांनीच आक्षेप घेतला, कारण हाणामारी करणारा नायक त्यांच्या अहिंसेच्या निष्ठेला मानवणारा नव्हता. मधल्या काळात पॉपायच्या नावाने सिगारेटच्या आकाराच्या साखरेच्या कांड्याही विकल्या गेल्या. पालकाने बळ येते असे सांगणारा चेहरा साखरेच्या सिगारेटच्या पाकिटावर होता.

याच मालिकेत विम्पी नावाचे एक पात्र आहे. तो लठ्ठ, गोडबोल्या, आळशी आणि उधारीवर हॅम्बर्गर खाणारा. सेगरने त्याला आदर्श म्हणून काढला नव्हता, उलट त्याची टर उडवली होती. तरी १९३४ मध्ये अमेरिकेत त्याच्या नावाने हॅम्बर्गरची दुकाने निघाली आणि १९५४ पासून ती इंग्लंडमध्ये पसरली. पॉपायच्या वाट्याला टेक्सासमधील क्रिस्टल सिटी या पालक पिकवणाऱ्या गावात १९३७ साली पुतळा आला. एकाला पुतळा आणि दुसऱ्याला दुकानांची साखळी, यात बरेच काही आले.

पॉपायमुळे अमेरिकेत पालकाचा खप तेहतीस टक्क्यांनी वाढला, असे वाक्य शेकडो ठिकाणी भेटते. कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत, ताजा की डब्यातला, हे त्यात नसते; एक लेखक दुसऱ्याकडे बोट दाखवतो. एका दशांशचिन्हाने हात पोळल्यावर मी हे तेहतीस टक्के माझ्या हिशेबात धरलेले नाहीत.

३

पॉपाय निदान विनोदातून जन्मला. पुढे असे नायक निघाले की ज्यांचा जन्मच मुलांना खायला शिकवण्यासाठी झाला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या अन्न मंत्रालयाने ‘डॉक्टर कॅरट’ आणि ‘पोटॅटो पीट’ ही पात्रे काढली. पण तेथे मुलांपुढे दुसरे फारसे काही नव्हतेच. साखर रेशनवर होती आणि गाजर मुबलक. जे ताटात येणारच होते त्याला हसरा चेहरा दिला गेला, एवढाच त्या नायकांचा वाटा.

अधिक विचार करण्याजोगी दोन उदाहरणे अलीकडची आहेत. पहिले आइसलँडचे. माग्नुस शेविंग या एरोबिक्सच्या खेळाडूने १९९५ मध्ये ‘लेझीटाउन’चे पहिले पुस्तक लिहिले, २००४ पासून त्याची दूरचित्रवाणी मालिका अनेक देशांत गेली. निळ्या पोशाखातला चपळ नायक स्पोर्टाकस फळे-भाज्या खातो आणि साखर पोटात गेली की कोसळतो. नायकाला दुबळेपणा दिला, ही या मालिकेची खरी हुशारी. पॉपाय पालकाशिवायही बरा असतो. स्पोर्टाकसला मात्र चुकीचा घास नडतो. पण मालिकेत फळा-भाज्यांना जे नाव आहे ते मला खटकते : ‘स्पोर्ट्स कँडी’, खेळाडूंची गोळी. सफरचंदाला गोळी म्हणून पेश केले की गोळी हाच उत्तम खाऊ हे आधीच मान्य केले जाते. शेजारणीच्या मुलाची स्तुती करत आपल्या मुलाला वाढवण्यासारखे आहे ते. सफरचंद त्या स्पर्धेत दुसरेच येणार.

दुसरे उदाहरण वेल्सचे. बँगॉर विद्यापीठातील फर्गस लोव आणि पॉलीन हॉर्न या मानसशास्त्रज्ञांनी ‘फूड ड्यूड्स’ हा कार्यक्रम रचला. चार मुले नायक, ‘जनरल जंक’ हा खलनायक. चित्रफिती शाळेत दाखवायच्या, त्याच वेळी मुलांना फळे-भाज्या चाखायला द्यायच्या, चाखणाऱ्याला छोटी बक्षिसे द्यायची. २००७ पासून आयर्लंडने हा कार्यक्रम देशभरच्या प्राथमिक शाळांत नेला. येथील नायक महापुरुष नाहीत, पाहणाऱ्यांपेक्षा थोडीच मोठी मुले आहेत. आणि पाहणे व चाखणे एकाच वेळी घडते. दोन्ही गोष्टी विचारपूर्वक केलेल्या. सुरुवातीचे निकाल चांगले आले. पण इंग्लंडच्या वेस्ट मिडलँड्स भागात स्वतंत्र अभ्यासकांनी वर्षभराने पुन्हा ताटे तपासली, तेव्हा तीन महिन्यांनी दिसलेली वाढ उरलेली नव्हती. नायकाने मुलांना ताटापाशी आणले. पुढचे वर्ष मात्र कोणीतरी दुसऱ्याने सांभाळायला हवे होते.

४

हे ‘दुसरे कोणीतरी’ कोण, याचा अंदाज फार पूर्वी एका प्रयोगात आला होता. कार्ल डुंकर हा जर्मन मानसशास्त्रज्ञ. नाझी राजवटीत देश सोडून तो इंग्लंडला आला. १९३८ मध्ये त्याने बालवाडीतल्या मुलांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. एका प्रयोगात मुलांना एका छोट्या नायकाची गोष्ट सांगितली. नायकाला एक पदार्थ फार आवडतो आणि दुसऱ्याचा तिटकारा असतो. नंतर मुलांपुढे दोन पदार्थ ठेवले. नायकाचा आवडता म्हणून जो ठेवला तो चवीला औषधी आणि ओंगळ होता, नावडता म्हणून ठेवलेला रुचकर. तरी बऱ्याच मुलांनी नायकाचाच पदार्थ उचलला. गोष्टीचे बळ इतके, की जिभेची साक्ष मागे पडली. मात्र पुढच्या काही दिवसांत हा परिणाम ओसरत गेला. गोष्टीची आठवण करून दिली की पुन्हा थोडा वर यायचा. त्याच अभ्यासात डुंकरने मुलांना एकामागून एक पदार्थ निवडायला लावून पाहिले; आधीच्या मुलाने, विशेषतः मोठ्या मुलाने, जे निवडले त्याचा प्रभाव नंतरच्यांवर पडला.

या दुसऱ्या धाग्याचा पाठपुरावा लीन बर्च या अमेरिकन अभ्यासिकेने १९८० मध्ये केला. तिच्या प्रयोगात नायक नव्हता, चित्र नव्हते, बक्षीस नव्हते. एका भाजीला नाके मुरडणाऱ्या बालकाला ती भाजी आवडणाऱ्या तीन-चार मुलांच्या टेबलावर चार दिवस जेवायला बसवले, इतकेच. चौथ्या दिवसापर्यंत अनेकांची निवड बदलली. काही आठवड्यांनी, सोबतीची मुले समोर नसतानाही, तो बदल टिकून असल्याचे दिसले.

मग केवळ चित्राचे बळ किती? २०१० मध्ये येल विद्यापीठातील अभ्यासकांनी चार ते सहा वर्षांच्या चाळीस मुलांना एकच खाऊ दोन पुड्यांत दिला. एका पुड्यावर लाडक्या कार्टूनचे चित्र, दुसरा कोरा. गोड बिस्किटे आणि गोळ्या चित्राच्या पुड्यातल्या अधिक चविष्ट लागतात, असे मुलांनी सांगितले. गाजराच्या बाबतीत तो परिणाम क्षीण होता. चित्र गोडाला जितकी मदत करते तितकी गाजराला करत नाही, हा निष्कर्ष नायकांवर विसंबणाऱ्यांनी भिंतीवर लावून ठेवण्यासारखा आहे.

उलट बाजूची एक कथाही सांगितली पाहिजे. कॉर्नेल विद्यापीठातील ब्रायन वॉन्सिंक यांनी २०१२ मध्ये सफरचंदावर ‘एल्मो’ या बाहुल्याचे चित्र चिकटवले की अधिक मुले सफरचंद घेतात, असा अभ्यास प्रसिद्ध केला. तो जगभर गाजला. पुढे त्यात इतक्या चुका निघाल्या की २०१७ मध्ये नियतकालिकाला तो मागे घ्यावा लागला. आठ ते अकरा वर्षांची म्हणून सांगितलेली मुले प्रत्यक्षात तीन ते पाच वर्षांची होती, हेही त्यातच उघड झाले. मोठ्या विद्यापीठातली ही गोष्ट वाचताना मला हसू आले नाही. आपल्याला खरी असावीशी वाटणारी गोष्ट आपण किती कमी तपासतो, हे मी माझ्या टिपणात केले होतेच.

आणि बँकॉक. ‘पॉपाय पाहून मुले भाज्या खाऊ लागली’ अशी बातमी २०१० मध्ये फिरली. ज्या अभ्यासावर ती आधारली होती तो मी वाचला. बालवाडीतली सव्वीस मुले, आठ आठवडे. कार्टून होतेच, पण त्याबरोबर मुलांनी भाज्यांची रोपे लावली, फळे-भाज्या मिळून चाखल्या, शिक्षक त्यांच्यासमोर बसून त्याच भाज्या खात होते आणि घरी पालकांना पत्रे जात होती. वाढ झाली ती या सगळ्याची मिळून. बातमीत मात्र एकटा पॉपाय उरला, कारण तो प्रसिद्ध होता.

५

हे सर्व वाचून झाल्यावर माझ्या आईचे घास भरवणे मला नव्याने दिसू लागले. काऊचा घास, चिऊचा घास, हे आपल्याकडे कोणत्या घरात झाले नाही? त्यातला काऊ नायक नाही. तो बलवान नाही, काही खाऊन तो शूर होत नाही. तो जेवायला आलेला पाहुणा आहे आणि त्याचा घास मूल खाते. नाचणी खाल्लीस तर हाडे मजबूत होतील, असे आई सांगत नसे. सांगितले असते तरी दोन वर्षांच्या पोराला हाडांची काय मातब्बरी! भरवणारा हात समोर असे, गोष्ट त्या हाताबरोबर चाले आणि आई नंतर त्याच ताटात जेवे. भोपळ्यात बसून परतणाऱ्या म्हातारीच्या गोष्टीतही म्हातारी लेकीकडे जाऊन धष्टपुष्ट होते. तेथे अन्न कोणते होते याहून ते लेकीच्या घरचे होते, हे ऐकणाऱ्या मुलाला पोचते.

मी जुन्या काळाची आरती ओवाळत नाही. आमच्या घरात चाकवत, तांदुळजा, अंबाडी होती ती आरोग्याच्या विचाराने नव्हे. दुसरे परवडत नव्हते म्हणून. पुड्यातला कुरकुरीत खाऊ गावात आला असता तर आम्हीही त्यावर तुटून पडलो असतो. आणि काऊचा घास पाच-सहा वर्षांच्या वयाला पुरत नाही. तेथून पुढे मुलाला खरेखुरे नायक हवेच असतात. माझा आक्षेप नायकांना नाही. नायकाला एकट्याला कामाला लावण्याला आहे. पुड्यावरचा नायक एकट्या मुलाशी बोलतो, म्हणून तो पुडा विकू शकतो. भाजीचे तसे नाही. भाजी खाणे ही सवय आहे आणि सवय सोबतीने लागते. शाळेतल्या पोषण आहाराच्या पंगतीत शेजारचा मुलगा आमटीतली शेवग्याची शेंग चोखतो हे पाहणे, हा बर्चबाईंचाच प्रयोग आहे आणि तो रोज दुपारी लाखो मुलांवर होतो. त्या पंगतीत शिक्षक बसून जेवले तर बँकॉकचाही अर्धा प्रयोग पुरा होतो.

हा प्रश्न आपल्यासाठी गमतीचा नाही. २०१९ ते २१ मधील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी ६७ टक्के रक्तक्षयी आहेत. अशा देशात ‘पालकातले लोह ही दशांशचिन्हाची चूक’ असे हसत सांगणारा माणूस नकळत एखाद्या घरातला पालक बंद करू शकतो. पालकात शंभर ग्रॅममागे साधारण पावणेतीन मिलिग्रॅम लोह असते. ते शरीराला सहजी मिळत नाही. लिंबू पिळले तर अधिक मिळते, वर लगेच चहा घेतला तर कमी. तो रक्तक्षयावरचा रामबाण नाही आणि टाकाऊही नाही. ही भाजी आहे, जशी असते तशी. पॉपायनेही याहून निराळे काही सिद्ध केले नव्हते.

म्हणून माझे अकरा वर्षांपूर्वीचे टिपण मी येथे मागे घेतो. दशांशचिन्ह चुकल्याची गोष्ट मी तपासल्यावाचून सांगितली होती. ज्यांनी ती माझ्याकडून ऐकली त्यांनी ती पुढे सांगू नये.

त्या शिक्षिकाबाईंनाही मी तसेच कळवले. सुनेचे म्हणणे पुरते चुकीचे नाही, नातवाला पॉपाय जरूर दाखवा, असे लिहिले. आपल्या भाषेने एका भाजीला आणि आईबापांना ‘पालक’ हे एकच नाव दिले आहे. तेव्हा चित्रपट संपल्यावर एका पालकाने दुसरा पालक निवडायला मुलाला शेजारी घेऊन बसावे आणि रात्री तीच भाजी सर्वांच्या पानात असावी, एवढे मात्र सुचवले. त्यांचे उत्तर महिन्याभराने आले. नातू भाजी निवडायला बसतो, देठ मोडायला त्याला आवडते. खायचे म्हणाल तर अजून दोनच घास खातो, असे त्यांनी लिहिले होते.